मागच्या चाकातला प्ले: कोन आवळण्याआधी नेमकं काय हलतंय ते शोधा

“मागचं चाक हलतंय, कोन आवळून द्या.” रविवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या पार्किंगमध्ये सायकल घेऊन येणारे बहुतेक जण हेच म्हणतात. (कोन म्हणजे एक्सलच्या, चाकाच्या मधल्या दांड्याच्या, आट्यांवर बसणारा आणि बेअरिंगचे छर्रे दाबून धरणारा निमुळता नट.) यातला पहिला भाग तक्रार आहे, तो खरा असतो. दुसरा भाग निदान आहे, आणि तो बऱ्याचदा चुकलेला असतो.

मागच्या चाकात पाच ठिकाणी ढिलेपणा, म्हणजेच प्ले, येतो: चाक फ्रेममध्ये जिथे पकडलंय तिथे, एक्सलच्या बेअरिंगमध्ये, फ्रीहबमध्ये (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा भाग), त्यावर बसलेल्या कॅसेटच्या दातेरी चकत्यांमध्ये आणि आऱ्यांमध्ये. सीटवर बसून पाचही जवळपास सारखेच जाणवतात. कोन आवळून त्यातला एकच बरा होतो. बाकी चारांत खुळखुळ तशीच राहते आणि वर चांगलं बेअरिंग जातं.

हे मी स्वतः करून बसलोय. तुळजापूरच्या राइडच्या आदल्या रात्री चाक हातात घेऊन एक्सल केसभरही हलणार नाही असा कोन आवळला, चाक लावलं, क्विक रिलीज (दांडा दाबून चाक फ्रेमला आवळणारी सळई) दाबलं आणि झोपलो. घाटात पाय जड पडत होते, ते उन्हावर ढकललं. महिन्याभराने हब (चाकाचा मधला, बेअरिंगांचा भाग) उघडला तर कोनावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. त्याचं कारण सहाव्या टप्प्यात येईल.

खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यात प्रश्न एकच आहे: काय हलतंय, आणि कशाच्या तुलनेत?

## तयारी

आधी चाक, कॅसेट आणि हबच्या दोन्ही कडा पुसून घ्या. मळाखाली प्ले लपतो, आणि हब उघडायची वेळ आलीच तर तोच मळ आत जातो. पुसायला टॉवेलाचा तुकडा घेऊ नका. सोलापुरात घरोघरी तेच हाताशी असतं, पण त्याचे सुटे धागे ग्रीसला चिकटून बेअरिंगमध्ये जातात. जुनी सुती चादर किंवा धोतराचा तुकडा बरा.

सावधान: बाइक धुण्याच्या सेंटरवर सायकल नेऊन हबवर प्रेशरचं पाणी मारू नका. सायकलच्या हबचं सील त्या दाबासाठी केलेलं नसतं. पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं, आणि दोन महिन्यांनी तुम्ही प्ले घेऊन उभे.

हत्यारं: शिमानोच्या कोनवाल्या मागच्या हबला बहुधा १५ चा कोन पाना आणि चेकनटला (कोन जागेवर पक्का धरणाऱ्या बाहेरच्या नटला) १७ चा पाना लागतो. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू एकदम धरता याव्यात म्हणून दोन्ही आकाराचे दोन-दोन असले तर सोय. साधा जाड पाना कोनाच्या अरुंद कडेवर बसत नाही आणि ठोकून बसवलात तर कडा गोल होते. कॅसेटसाठी लॉकरिंगचं (चकत्या दाबून धरणाऱ्या बाहेरच्या रिंगचं) टूल आणि चेन व्हिप (चकत्या फिरू नयेत म्हणून धरायची, चेन लावलेली पट्टी). चेन व्हिप नसेल तर लोखंडी पट्टीला जुन्या चेनचा तुकडा बोल्टने जोडला की काम भागतं. टॉर्च, ग्रीस आणि छर्रे ठेवायला झाकणाचा डबा.

कूलर, पंखा बंद करा. जी टक् शोधायची आहे ती फार बारीक असते. कानाआधी ती बोटाला कळते.

### आधी हब ओळखा

महागड्या दिसणाऱ्या सायकलीतही कधी कधी कॅसेट नसून आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. ओळखायला चाक धरून ठेवा आणि दाते उलटे फिरवा. टूल बसण्याच्या खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा जागेवर राहिल्या आणि नुसते दाते फिरले तर फ्रीव्हील.

मग एक्सलकडे बघा. चेकनटच्या आत पातळ, पाना बसेल अशा दोन सपाट कडा दिसल्या तर कोन आणि सुटे छर्रे. त्या नसतील आणि टोकाला गुळगुळीत टोपी असेल तर बहुतेक सील्ड बेअरिंग. ज्याला कोनच नाही त्याचा कोन आवळायला निघालेले लोक मी पाहिलेत, म्हणून लिहिलं.

## टप्पा १: फ्रेममधली पकड

चाक उघडा आणि पुन्हा नीट बसवा. एक्सल दोन्ही बाजूंना खाचेच्या तळाला टेकला पाहिजे. सायकल सरळ उभी करून आवळलंत की वजनाने तो आपोआप टेकतो.

क्विक रिलीजचा दांडा बंद करताना, तो एक्सलच्या रेषेत सरळ बाहेर आला की जोर लागायला सुरुवात व्हायला हवी. पूर्ण बंद केल्यावर तळहातावर क्षणभर वळ उमटला पाहिजे. दांडा लोण्यासारखा बंद झाला तर पकड नाही. नटवाल्या एक्सलला दोन्ही नट तपासा. उजवा नट चेनच्या बाजूला असल्याने लोक डावाच आवळून मोकळे होतात.

एक चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. क्विक रिलीज काढून बघा: एक्सलचं टोक फ्रेमच्या खाचेबाहेर डोकावत तर नाही ना? डोकावत असेल तर क्विक रिलीज फ्रेमला नाही, एक्सलच्या टोकालाच दाबतं. कितीही आवळा, चाक सैलच. एक्सल दोन्ही बाजूंना बाहेरच्या पृष्ठभागाच्या किंचित आत हवा. बदललेल्या एक्सलमध्ये हा दोष बराच सापडतो.

तपासा: एक बोट चेकनट आणि फ्रेम यांच्या सांध्यावर ठेवा, दुसऱ्या हाताने चाक हलवा. बोटाखाली हालचाल जाणवली तर दोष पकडीत आहे. इथेच थांबा, पुढे जाऊ नका.

## टप्पा २: रिम हलवून बघणे

इथे घाई करणारा पुढे सगळीकडे चुकतो.

मागचं चाक अधांतरी हवं. स्टँड नसेल तर खाली चादर टाकून सायकल उलटी करा. रिम ब्रेक असेल तर तो मोकळा करा. एका हाताने मागच्या चिमट्याची नळी धरा, दुसऱ्या हाताने तिच्या शेजारची रिम. टायर धरू नका. टायर दबतो, आणि ते दबणं हाताला प्लेसारखं वाटतं.

आता रिम हळू डावीकडे, हळू उजवीकडे ढकला. झटके नकोत. दिशा बदलतानाच्या क्षणाकडे लक्ष द्या:

दिशा बदलताना मध्ये रिकामी जागा लागली आणि टोकाला टक् झालं, तर तो खरा प्ले. हबातली केसभर मोकळीक रिमवर मोठी होऊन येते, म्हणून ती इथेच शोधायची.

रिम रबरासारखी लवली आणि हात सोडताच परत आली, टक् नाही, तर ते आरे आहेत. दोन-दोन आरे जोडीने दाबत चाकाभोवती फिरा. एखादी जोडी इतरांपेक्षा मऊ लागेल. हब सोडा, आरे आवळा.

हाताने हलत नाही पण फिरवल्यावर रिम नागमोडी दिसते, तर चाक आऊट आहे. त्याचा हबाशी संबंध नाही.

हेच चाक पाव-पाव फिरवून चार जागी करा. चारही जागी टक् सारखी असेल तर जुळणी सैल झाली आहे. एका जागी टक् आणि दुसऱ्या जागी चाक घट्ट असेल तर एक्सल वाकलाय किंवा कोनाला खड्डे पडलेत. अशा हबाची नुसती जुळणी करून उपयोग नाही, तो उघडावाच लागेल. चारपैकी एकाच जागी हलवून “प्ले नाही” म्हणणारे इथे फसतात.

तपासा: पुढचं चाक असंच हलवा. चांगलं चाक हाताला कसं लागतं ते कळल्याशिवाय वाईट ओळखता येत नाही.

## टप्पा ३: हब की फ्रीहब?

चेन सगळ्यांत लहान चकतीवर घ्या, किंवा सरळ उतरवून ठेवा. एका हाताने रिम पक्की धरा, दुसऱ्या हाताने कॅसेटची सगळ्यांत मोठी चकती धरून आत-बाहेर हलवा.

रिम हलवली तेव्हा टक् आली आणि कॅसेट रिमबरोबर एकसंध हलली, तर संशय एक्सलच्या बेअरिंगवर. रिम शांत आहे पण कॅसेट गठ्ठ्याने डोलते, तर फ्रीहब. गठ्ठा नाही, एकेक चकती सुटी वाजते, तर कॅसेट.

फ्रीहबच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. अगदी थोडी डोलणूक नव्या फ्रीहबलाही असते, फ्रीव्हीलला तर त्याहून जास्त. पेडल थांबवून चाक फिरत ठेवलं की दाते किंचित डुलताना दिसतात. गिअर नीट पडत असतील तर त्यात हात घालू नका. काळजी करायची ती पुढच्या गोष्टींची: फिरवताना खरखर, चेन डोलण्यामुळे गिअर आपोआप बदलणं, आणि पेडल मारताना मधेच रिकामं जाणं.

सावधान: पेडल रिकामं जात असेल तर सायकल चालवू नका. आतली कुत्री (एकाच दिशेने अडकणारे खटके) धरत नाहीयेत. उभं राहून चढ चढताना ती सुटली की माणूस थेट हँडलवर जातो.

आता खरी गोम. शिमानोच्या पद्धतीच्या फ्रीहबमध्ये एक्सलच्या उजव्या बेअरिंगची वाटी (छर्रे ज्यात फिरतात ती) फ्रीहबच्या बॉडीतच असते. ही बॉडी हबला एका पोकळ बोल्टने जोडलेली असते. तो बोल्ट सैल झाला की वाटीसकट बॉडी हलते, आणि बाहेरून ते हुबेहूब एक्सलच्या प्लेसारखं दिसतं. कोन आवळता, चाक जड होतं, टक् तशीच. आणखी आवळता, आणखी जड. असं झालं की कोनाला सोडा आणि एक्सल काढून तो बोल्ट बघा. बऱ्याच मॉडेलांना १० चा ॲलन लागतो, आणि शिमानो ३५ ते ५० न्यूटन मीटर टॉर्क सांगते. साध्या छोट्या ॲलनने तेवढा जोर येत नाही, लांब दांडा लावा.

## टप्पा ४: कॅसेट

एकेक चकती बोटांनी धरून पुढे-मागे फिरवा. लहान चकत्या सुट्या खुळखुळत असतील तर आधी लॉकरिंग. त्यावर बहुधा ४० न्यूटन मीटर असं छापलेलं असतं. टॉर्कचा पाना नसेल तर अंदाज असा: २५ सेंटीमीटर दांड्याच्या टोकाला सुमारे १६ किलोचा जोर. नुसत्या मनगटाने तो येत नाही, खांदा लावावा लागतो. आवळताना कडकड आवाज येतो. तो लॉकरिंगच्या दातऱ्यांचा असतो, काही मोडत नाही. आवळताना चेन व्हिप लागत नाही, ती फक्त उघडताना.

लॉकरिंग पूर्ण आवळूनही चकत्या सैल राहिल्या तर आणखी जोर लावू नका, आटे जातील. तिथे बहुतेक मागची पातळ रिंग, म्हणजे स्पेसर, राहून गेलेला असतो. ओळखीतल्या एकाने नवं चाक घेतलं. हब ११ स्पीडचा रोड प्रकारचा, कॅसेट त्याची जुनी ९ स्पीडची. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने हब बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने कोन आवळला. चूक एवढीच होती की त्या हबची बॉडी १.८५ मिलिमीटर लांब असते आणि तेवढाच स्पेसर कॅसेटमागे घालायचा राहिला होता. तसंच ८, ९, १० स्पीडच्या बॉडीवर ७ स्पीडची कॅसेट घालताना ४.५ मिलिमीटरचा स्पेसर लागतो.

तपासा: लॉकरिंग काढल्यावर सगळ्यांत लहान चकती बॉडीच्या काठापेक्षा किंचित बाहेर हवी. आत असेल तर लॉकरिंग चकतीला नाही, बॉडीलाच दाबतं.

कॅसेट काढताना सुट्या चकत्या आणि रिंगा निघतील त्याच क्रमाने तारेत ओवत जा. बॉडीवरची एक खाच वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे चकती एकाच दिशेने बसते. जबरदस्ती करावी लागली तर दिशा चुकली आहे. ॲल्युमिनियमच्या बॉडीवर चकत्यांनी चावे घेतलेले दिसतील. कॅसेट हातानं सरकत असेल तर ते राहू द्या. अडकत असेल तर बारीक कानशीने फक्त वर आलेली धार काढा.

## टप्पा ५: चाक काढून एक्सल बोटांनी फिरवणे

एक्सल दोन बोटांत धरून सावकाश फिरवा, डोळे मिटून फिरवलात तर आणखी बरं. गुळगुळीत फिरतो पण हलतो: फक्त जुळणी. वाळू दळल्यासारखं लागतं: उघडा, धुवा, नवं ग्रीस. ठरावीक जागी अडकतो, जणू खाचेत पडतो: कोन किंवा वाटी गेली.

फिरवताना एक्सलच्या टोकाकडे बघा. टोक गोल गोल हिंडत असेल तर एक्सल वाकलाय. फ्रीव्हीलच्या सायकलीत तो मोडतोही, कारण उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आत खोल असतं आणि बाहेरचा लांब एक्सल आधाराविना राहतो. मोडलेला एक्सल क्विक रिलीजच्या सळईने धरून ठेवलेला असतो, सळई ओढली की दोन तुकडे हातात येतात. खड्ड्यांच्या रस्त्यावर पाठीवर बॅग घेऊन जाणाऱ्या पोरांच्या सायकलीत हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

सील्ड बेअरिंग असेल तर इथे जुळणी नसते, बेअरिंगच बदलायचं. त्याच्या कडेवर नंबर असतो. ६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८ आणि जाडी ७ मिलिमीटर. ६००१ असेल तर १२, २८ आणि ८. सायकलच्या दुकानात नाही मिळालं तर मोटरची बेअरिंगं विकणाऱ्याला हा नंबर सांगा. बसवताना आतल्या रिंगेवर ठोकू नका, दाब बाहेरच्या रिंगेवर द्या.

## टप्पा ६: कोनाची जुळणी

इथवर येऊन दोष कोनातच ठरला तरच.

सुरुवात उजवीकडून करा. आधी उजव्या बाजूचा कोन आणि चेकनट एकमेकांवर पक्के आवळून घ्या. ते सैल राहिले तर तुम्ही डावीकडे जुळवता आणि सायकल चालताना उजवीकडून सगळं सुटतं. काही हबांत यासाठी कॅसेट काढावी लागते. कंटाळा करू नका. पुढची जुळणी फक्त डावीकडून.

१. डावा चेकनट सैल करा. कोन बोटांनी आत फिरवा, छऱ्यांना टेकला की थोडा मागे घ्या.

२. कोन १५ च्या पान्याने जागेवर धरून १७ च्या पान्याने चेकनट आवळा. आवळताना आट्यांमधली मोकळीक संपते आणि कोन आणखी किंचित आत जातो. म्हणून सुरुवात सैलच करायची.

३. एक्सल फिरवा, हलवा. क्विक रिलीजच्या हबला हातात असताना अगदी थोडी टक् राहिली पाहिजे. क्विक रिलीज दाबलं की पोकळ एक्सल सूक्ष्म आखडतो आणि ती टक् आपोआप जाते. हातात शून्य प्ले ठेवला तर लावल्यावर छर्रे चिरडले जातात. तुळजापूरच्या वेळी मी नेमकं हेच केलं होतं. नटवाल्या भरीव एक्सलला हा नियम लागू नाही. तिथे हातातच प्ले जवळजवळ संपवा.

४. चाक लावा, नेहमीइतकंच आवळा, दुसरा टप्पा पुन्हा करा. टक् आहे? काढा, कोन अगदी थोडा, पूर्ण फेरीच्या आठव्या भागापेक्षाही कमी, फिरवा. तीन-चार वेळा काढ-घाल करावी लागणं हे काम येत नसल्याचं लक्षण नाही.

तपासा: चाक लावून हलकेच फिरवा आणि सोडा. शेवटी वॉल्व्हच्या वजनाने ते थोडं मागे-पुढे झोके घेऊन थांबलं पाहिजे. एकदम गप्प थांबलं तर कोन घट्ट आहे किंवा ब्रेक घासतोय.

हब उघडावा लागला तर: गिअरच्या बहुतेक मागच्या हबांत दर बाजूला १/४ इंची ९ छर्रे असतात. काढताना मोजा. टाकताना सगळे नवे टाका, जुन्यात नवे मिसळू नका. धुवायला डिझेल चालतं. चूल आणि विडीपासून लांब बसा, आणि डिस्क ब्रेक असेल तर डिझेलचा किंवा ग्रीसचा हात डिस्कला लागू देऊ नका. कोन खराब असेल तर तसाच नवा मिळतो, सोबत जुना न्या. वाटीला खड्डे पडले असतील तर बहुतेक वेळा हबच बदलावा लागतो.

## टप्पा ७: चालवून बघणे

आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर. पेडल मारताना आवाज येतो आणि थांबवलं की बंद होतो, तर कान पेडल, बीबी (पेडलच्या दांड्यांमधलं फ्रेममधलं बेअरिंग) आणि कॅसेटकडे वळवा. पेडल थांबवूनही येतो तर हब. मग एखाद्या गतिरोधकावरून सीटवरून उठून सावकाश जा. मागून खडक् असं आलं तर दुसऱ्या टप्प्यावर परत. २०-३० किलोमीटर झाले की घरी येऊन रिम पुन्हा चार जागी हलवा, कारण नवं ग्रीस आणि छर्रे बसल्यावर जुळणी थोडी सैल होते.

काम दुकानात द्यायचं असेल तर “चाक हलतंय” एवढंच सांगून निघू नका. सापडलेलं सांगा: “अण्णा, रिम धरली की टक् येते, चारही जागी सारखीच येते. कोन एकदा जुळवून झालाय, तरी जात नाही. फ्रीहबचा बोल्ट बघा की.” आणि पैसे द्यायच्या आधी, चाक सायकलला लावलेलं असताना, स्वतःच्या हाताने रिम हलवून बघा.